खेळाडूच्या कारकिर्दीचा जमाखर्च
(बी. कॉम. भाग दोनमधील एका विद्यार्थ्याचा अभ्यासलेख)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक बैठक बसली. विषय होता माझ्या धाकट्या भावाचा. तो दहावीत आहे आणि गेली चार वर्षे गल्लीच्या टोकाच्या तालमीत जातो. तालमीला आपल्याकडे कानडीत ‘गरडी मनी’ म्हणतात, आणि तो घरी मराठीत बोलतानाही गरडीच म्हणतो. त्याच्या वस्तादांनी आमच्या अप्पांना निरोप धाडला होता की, पोराच्या अंगात कुस्ती आहे, दहावी झाली की त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवा. अप्पांचे शिलाईचे लहानसे दुकान आहे. त्यांनी रागही केला नाही आणि आनंदही दाखवला नाही. ते माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, “तू कॉमर्स शिकतोस ना? मग हिशेब मांड आणि मला सांग, हे परवडते का?”

मी वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. खर्चाची बाजू अर्ध्या तासात भरली. दूध, तूप, बदाम व अंडी यांचा खुराक, राहण्याचे भाडे, स्पर्धांचा प्रवास, मॅटवर खेळायचे बूट, दुखापत झाल्यास औषधपाणी. उत्पन्नाची बाजू मात्र कोरी राहिली. तेथे काय लिहावे हेच मला कळेना. आमच्या कॉस्टिंगच्या सरांना मी हे दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “चालू धंद्याचा अंदाज काढण्यापूर्वी ज्याचे खाते पुरे झाले आहे अशा कुणाचा तरी जमाखर्च वाच. आणि एक नव्हे, दोन वाच. तुलनेशिवाय आकडा बोलत नाही.”

सरांच्या सांगण्यावरून मी दोन खेळाडूंच्या कारकिर्दी वाचल्या. एक आपला, साताऱ्याकडचा मल्ल खाशाबा जाधव. दुसरा स्वित्झर्लंडचा, बर्फाच्या उतारावर शर्यत लावणारा कार्ल मोलिटर. हे दोघे कधी एकमेकांसमोर आले नाहीत, येण्याचे कारणही नव्हते. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ सालची ऑलिंपिक झाली नव्हती, आणि युद्धानंतरची पहिली ऑलिंपिक १९४८ साली झाली. हिवाळी खेळ स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे, तर उन्हाळी खेळ लंडनला. त्या एकाच वर्षी हे दोघेही ऑलिंपिकमध्ये उतरले. म्हणून दोन्ही खाती एकाच सालापासून तपासता येतात.

बर्फाच्या उतारावरचा गडी

आपल्या हुबळी-धारवाडकडे बर्फ म्हणजे सरबतात घालायचा. म्हणून आधी खेळ समजावून सांगतो. दोन्ही पायांना लांब, अरुंद, पुढे वळलेल्या फळ्या बांधून डोंगराच्या बर्फाळ उतारावरून घसरत खाली यायचे, याला स्कीइंग म्हणतात. शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला. ‘डाउनहिल’ या प्रकारात लांब उतारावरून भरधाव यायचे असते, तर ‘स्लालम’मध्ये रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत यायचे असते. दोन्हींचा मेळ घालून निकाल काढतात त्याला ‘कंबाइंड’ म्हणतात.

कार्ल मोलिटरचा जन्म १९२० सालचा, गाव वेंगेन. हे डोंगरात उंचावर वसलेले खेडे आहे. तेथे मोटार जात नाही. दातेरी रुळावरून चढणारी छोटी आगगाडी जाते. हिवाळ्यात या गाडीने बाहेरचे लोक बर्फात खेळायला येतात. १९३० सालापासून त्याच गावाच्या अंगणात लाउबरहॉर्न नावाची शर्यत भरते. तिचा डाउनहिलचा मार्ग सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा असून जगातल्या प्रमुख शर्यतींत तो सर्वांत लांब मानला जातो. मोलिटरने या डाउनहिलमध्ये १९३९ ते १९४७ या काळात सहा वेळा पहिला क्रमांक मिळवला. ध्यानात घ्यावे की, यातली बरीच वर्षे युद्धाची होती. शेजारच्या देशांत तोफा धडाडत होत्या, ऑलिंपिक बंद होती, आणि ऐन विशीतली त्याची वर्षे निघून जात होती.

१९४८ साली सेंट मॉरिट्झला तो उतरला तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. कंबाइंडमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले. डाउनहिलमध्ये त्याच्याच देशाच्या रोल्फ ओलिंगरची आणि त्याची वेळ अगदी सारखी भरली, म्हणून दोघांनाही कांस्यपदक देण्यात आले. ९४ वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून तो २०१४ साली वारला.

पदकांपेक्षा माझे लक्ष त्याच्या धंद्याकडे गेले. मोलिटर कुटुंबाचा वेंगेनमध्ये स्कीइंगचे बूट बनवण्याचा व्यवसाय होता. त्या काळी ऑलिंपिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे, बक्षिसाच्या पैशावर जगणाऱ्यास नव्हे. म्हणजे खेळातून थेट कमाई नाही. तरीपण त्याच्या घराण्याचे दुकान, त्याच्या गावची शर्यत, हिवाळ्यात येणारे गिऱ्हाईक आणि त्याचा स्वतःचा खेळ हे सारे एकाच वहीत बसत होते. चांगला शर्यतपटू चांगला बूट ओळखतो, आणि त्याचे नाव बुटाला लाभते. आमच्या पुस्तकात याला ‘ख्याती’ म्हणतात आणि ती मालमत्तेच्या बाजूला मांडतात. तसेच, त्याची सर्वांत मोठी स्पर्धा त्याच्याच देशात भरली. आगगाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर.

गोळेश्वरचा मल्ल

आता आपल्याकडे येऊ. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाले, आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. आपल्यासारखेच ते कॉलेजचे विद्यार्थी होते, ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण त्यांचा पुढचा सारा हिशेब एका कॉलेजशीच बांधलेला आहे.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून ते लंडनला जाऊ शकले. आपली कुस्ती तांबड्या मातीची. तीत पाठ लागली की निकाल. ऑलिंपिकची कुस्ती गादीची; तीत वेळ ठरलेली असते, पंच गुण देतात, आणि चितपट न करताही गुणांवर जिंकता किंवा हरता येते. या फरकाची सवय नसताना खाशाबांनी ५२ किलो गटात सहावा क्रमांक पटकावला. त्या वेळी अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते.

सहावा क्रमांक म्हणजे कागदावर शून्य पदक. परंतु खाशाबांनी ते शून्य धरले नाही. परत आल्यावर त्यांनी गादीवरच्या कुस्तीच्या दृष्टीने सराव वाढवला आणि चार वर्षे पुढच्या ऑलिंपिकची वाट पाहिली.

हेलसिंकीचे तिकीट

१९५२ ची ऑलिंपिक फिनलंडच्या हेलसिंकी शहरात होती. तेथे जाण्याआधी दोन अडथळे होते. पहिला निवडीचा. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपणास गुण कमी देऊन डावलले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि त्यांनी निरंजन दास या प्रतिस्पर्ध्यास चितपट केले.

दुसरा अडथळा पैशांचा. सरकारकडून वेळेवर पुरेशी मदत हाती आली नाही. गावोगाव वर्गणी जमवावी लागली. तरी भागेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हे वाक्य मी वाचले तेव्हा वही बाजूला ठेवली. गहाणखताचे नियम आम्ही वर्गात शिकतो. तारण कर्जदाराचे असते, कर्ज बुडाले तर तारण जाते. येथे कर्जाचा उपयोग विद्यार्थ्याला, आणि धोका मात्र मास्तरांच्या छपराला. खाशाबा पहिल्याच फेरीत हरले असते तरी सात हजार तेवढेच राहिले असते. कोणत्याही व्यापारी हिशेबाने हा व्यवहार ‘परवडत’ नाही.

जुलै १९५२ मध्ये ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. शेवटच्या टप्प्यात जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामदबेयोव यांच्यापुढे त्यांना हार पत्करावी लागली. एका लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना हक्काची विश्रांती न देता लगेच दुसऱ्या कुस्तीस बोलावले, आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मामदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी आपल्याला १९९६ सालापर्यंत, लिअँडर पेसच्या टेनिसमधील कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले.

कराड स्टेशनवर त्यांच्या स्वागताला बैलगाड्या आल्या होत्या. त्यांचा आकडा १५१ असा सांगतात. पण मला त्यानंतरची गोष्ट अधिक मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. मास्तरांचे खाते त्यांनी फेडून बंद केले.

चौथ्याचा खर्च

येथपर्यंत वाचल्यावर मला वाटले की उत्तर सापडले. पदक मिळाले, कर्ज फिटले, हिशेब जुळला. तेवढ्यात त्याच हेलसिंकीच्या निकालांत आणखी एक मराठी नाव दिसले. केशव माणगावे. हेही भारताकडून त्याच ऑलिंपिकमध्ये फेदरवेट गटात लढले आणि चौथे आले.

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले होते? मी ऐकले नव्हते. हेलसिंकी दोघांनाही तितकेच दूर होते. खुराक तोच, घाम तोच, बोटीचे वा विमानाचे भाडे तेच. तिसऱ्याचा आणि चौथ्याचा खर्च सारखाच असतो. फरक फक्त जमेच्या बाजूला पडतो, आणि तोही एखाद्या गुणाने. मग केवळ पदकवाल्याचा जमाखर्च मांडून ‘परवडते’ असे म्हणणे म्हणजे शंभर दुकानांपैकी एका चाललेल्या दुकानाकडे बघून धंद्यात नफा आहे असे म्हणण्यासारखे आहे. अप्पांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे रूप मला येथे कळले. ‘तो जिंकेल का?’ हा प्रश्नच नव्हे. ‘तो चौथा आला तर काय?’ हा प्रश्न आहे.

आता वेंगेनकडे पुन्हा एकदा बघा. त्या डाउनहिलमध्ये मोलिटर तिसरा न येता चौथा आला असता तरी बुटांचे दुकान सोमवारी उघडलेच असते. तो अधिक शूर होता म्हणून नव्हे, तर त्याच्या खेळाखाली त्याच्या गावचा धंदा होता म्हणून. आपल्या मल्लाखाली काय होते? एका मास्तरांचे गहाण पडलेले घर.

पदकानंतरची बाजू

बरे, पदक मिळालेल्याचे तरी पुढे काय झाले? १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट बंद केली. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले.

घसारा कसा काढायचा हे आम्ही शिकतो. यंत्र दरवर्षी झिजते, म्हणून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायची, म्हणजे यंत्र मोडीत निघाल्यावर धंदा उघडा पडत नाही. खेळाडूचे शरीर तर कोणत्याही यंत्राहून लवकर झिजते. तिशीत त्याचा गुडघा मोडीत निघतो. पण त्याच्या घसाऱ्याची तरतूद कोणाच्याच वहीत नसते. देश पदक आपल्या जमेला लिहितो, आणि झीज तेवढी घरच्यांच्या नावे टाकतो. खाशाबांच्या बाबतीत मानाची रक्कम आली खरी, पण खातेदार गेल्यावर आली.

बहात्तर वर्षांनंतर

या जमाखर्चाचे अलीकडचे एक पान जोडल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या ‘तीन स्थिती’ प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली.

कुसाळे हे महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेले. २०१५ साली ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागले. आपल्या हुबळीला दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, त्यामुळे रेल्वेचा पगार म्हणजे काय हे येथे कुणाला समजावून सांगायला नको. २०२२ सालच्या कैरोतील जागतिक स्पर्धेत ते चौथे आले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत वैयक्तिक स्पर्धेत पुन्हा चौथे आले. दोन्ही वेळा महिन्याच्या अखेरीस पगार मात्र झाला असणार. चौथ्या क्रमांकाच्या वर्षांतही घराची चूल कुणाच्या गहाणावर पेटत नव्हती, आणि म्हणून तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचायला त्यांना वेळ मिळाला. वेंगेनमध्ये जे काम बुटांच्या दुकानाने केले, ते येथे रेल्वेच्या नोकरीने केले. प्राचार्य खर्डेकरांनी जे एकट्याच्या जिवावर केले, ते एका खात्याने नियमाने केले.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, खेळाडूचे भांडवल बहुधा त्याच्या स्वतःच्या घरातून निघत नाही. ते राजाकडून, गावाकडून, मास्तरांकडून किंवा नोकरीतून येते. दुसरी, हे भांडवल जिंकलेल्या वर्षांपेक्षा न जिंकलेल्या वर्षांत अधिक लागते. बक्षीस मात्र जिंकल्यावरच जाहीर होते. तिसरी, शरीराच्या घसाऱ्याची तरतूद आरंभापासून केली पाहिजे, आणि सामान्य घराला ती शिक्षणाच्या रूपानेच करता येते.

आपल्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले एक काम मला यातून सुचते. आपल्यात घर गहाण ठेवा असे कुणी कुणाला म्हणणार नाही. परंतु स्पर्धेहून परतलेल्या खेळाडूला आपण बहुधा एवढेच विचारतो, “पदक आणलेस का?” त्याऐवजी चुकलेल्या तासांच्या नोट्स त्याच्या हाती ठेवता येतील. तो पदकाविना आला असेल, तर त्याला त्यांची गरज अधिक असेल. ही तरतूद बिनखर्चाची आहे.

दिवाळीनंतर दुसऱ्या रविवारी मी अप्पांपुढे वही ठेवली. उत्पन्नाची बाजू मी कोरीच ठेवली होती, कारण तेथे लिहिलेला कोणताही आकडा खोटा ठरला असता. तिच्या खाली मात्र अटी लिहिल्या होत्या. भावाने कोल्हापुरात अकरावी-बारावी कॉमर्स घेऊनच करावी. मी संध्याकाळी एका दुकानाचे हिशेब लिहीन आणि ती रक्कम त्याच्या खुराकासाठी जाईल. दोन वर्षांनी पुन्हा बसून ठरवायचे, आणि त्या वेळी किती कुस्त्या जिंकला हे न मोजता सराव आणि अभ्यास चालू आहे का हे बघायचे.

अप्पांनी चष्मा लावून सगळे वाचले. मग विचारले, “म्हणजे परवडते की नाही?”

मी म्हणालो, “अप्पा, एकट्याला परवडत नाही. वाटून घेतले तर चालवता येते.”

भाऊ दाराआडून ऐकत होता. अप्पांनी त्याला हाक मारली आणि त्या कोऱ्या बाजूखाली त्याची सही घेतली. मग माझी घेतली, आणि शेवटी स्वतःची केली. परीक्षा झाल्यावर तो कोल्हापूरला जाणार आहे. मी हिशेब लिहायचे काम कार्तिकी पौर्णिमेपासूनच धरले आहे.